फरक शून्य

आई अकरा वाजता घरी आली आणि बूट न काढता सरळ स्वयंपाकघरात गेली. एवढंच झालं. पण आमच्याकडे बूट दाराबाहेर निघतात, आणि ती चारच्या आत कधी येत नाही, त्यामुळे मी लॅपटॉपवरून मान वर केली ती खाली गेलीच नाही. तिने नळाखाली ग्लास धरला, भरला, ओतून दिला, परत भरला. मी विचारलं, काय झालं? म्हणे, काही नाही. मी म्हटलं, काही नाही तर बूट का आहेत पायात? तेव्हा तिने खाली असं बघितलं जणू ते पाय शेजारणीचे आहेत, आणि म्हणाली, "घरी पाठवलं मला. चारला परत बोलावलंय. सही करायला."

सही कशावर, हे काढून घ्यायला वीस मिनिटं गेली. आईकडून गोष्ट काढायची म्हणजे ओल्या हाताने बरणीचं झाकण फिरवायचं. शेवटी तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला, माझ्या हातात दिला नाही. त्यावर छापलेलं होतं की सदर नोंदी मी प्रत्यक्ष न चालता, संगणकाच्या उत्तरावरून घरी बसून भरल्या आहेत. खाली सहीची रेघ, तारखेसाठी जागा. घरी बसून! माझ्या डोक्यात एकदम काहीतरी पेटलं. कारण घरी बसून असते ती मी. आई वर्षभर घरी बसलेली नाही. तिचं कामच मुळी चालण्याचं. चढावरच्या वस्तीत चौदा जागा ठरवून दिलेल्या, बाजार, बसथांबा, टाकी, औषधाचं दुकान, दवाखाना अशा, आणि प्रत्येक जागेहून प्रत्येक जागी तिथल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर चालत जायचं, घड्याळ लावून. जाताना वेगळं, येताना वेगळं, कारण चढायला लागतो तो वेळ उतरायला लागत नाही. एकशे ब्याऐंशी फेऱ्या. दर फेरीला वेगळी आजी नाहीतर वेगळे आजोबा. मग तो आकडा टॅबमध्ये भरायचा, तो ऑफिसच्या फाइलीत जाऊन बसायचा, टॅब रात्री पुसला जायचा. त्या आकड्यांवर पुढे ठरणार की दवाखाना वरच ठेवायचा की खाली न्यायचा. मे महिन्यात तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि ती संध्याकाळी बादलीत पाय सोडून बसायची, आणि मी तिला म्हणायचे, अंदाजे लिही ना, कोण बघतंय. मी म्हणायचे. ती नुसती बघायची माझ्याकडे.

आणि आता कोण तरी म्हणतंय की तिने अंदाजेसुद्धा लिहिलं नाही, चोरून लिहिलं. बाहेरून एक तपासणीच्या बाई आल्या होत्या. अहवाल वर जाण्याआधी तो त्या चाळणीतून काढणार. त्यांनी आईच्या आकड्यांचा तक्ता घेतला, संगणकाने त्याच आकड्यांतून जवळचे मार्ग जोडून काढलेल्या वेळांचा तक्ता घेतला, एकातून दुसरा वजा केला, आणि चौदा गुणिले चौदा सगळ्या खान्यांत शून्य आलं. ऑफिसात आधी सगळे खूश झाले होते म्हणे. फरक शून्य, म्हणजे आपलं गणित किती अचूक! पण बाई खूश झाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, माणसाचे पाय संगणकाशी अर्ध्या मिनिटापर्यंत जुळत नाहीत, जुळले तर कुणीतरी जुळवलेत, थोड्याच फेऱ्या चालून बाकीचे आकडे संगणकाकडून घेतलेत. आणि कुणीतरी म्हणजे कोण? ऑफिसात सगळ्यात खालच्या खुर्चीवर जी बसते ती. तिला तर खुर्चीही नाही, ती चालते.

मला राग आला की मी फिरते. घरात म्हणून तर भिंगरी म्हणतात. दोन खोल्यांत फिरायला जागा ती केवढी, दारापासून खिडकीपर्यंत सात पावलं, त्यातलं एक पलंगाला वळसा घालण्यात जातं. मी फिरत होते आणि आई खुर्चीवर बसून बुटाची नाडी सोडत होती, बांधत होती. "तू काही बोलली नाहीस?" "काय बोलणार?" "की मी चाललेय म्हणून!" "म्हटलं ना." "कसं म्हटलंस? असं?" मी तिच्यासारखी मान खाली घालून दाखवली. वाईट केलं. पण मला ती मान माहीत होती. नववीत गणिताच्या सरांनी माझा पेपर वर्गासमोर फडकवला होता, उत्तरं बरोबर आणि मधल्या पायऱ्याच नाहीत, म्हणजे कुणाचं तरी बघून लिहिलेलं. मला पायऱ्या लिहायचा कंटाळा, डोक्यात होतं ते मी उतरवलं. दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं शाळेत. ती आली, दारापाशी पिशवी पोटाशी धरून उभी राहिली, आणि सगळं ऐकून म्हणाली, "समजावते तिला." समजावते! मला! त्या दिवशी मी पेपर फाडला आणि शाळेत परत गेले नाही, आणि सगळ्यांना वाटतं मी सरांमुळे सोडली शाळा. पिशवीबद्दल मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तिने परत कागदाची घडी घातली. मग पिशवीतूनच छापील तक्ता बाहेर आला, बाईंनी दिलेला, तुमचेच आकडे बघून घ्या म्हणून. मी तो ओढून घेतला. ती माझ्या खांद्यावरून वाचायला लागली, बोट ठेवून, आणि एका खान्यावर बोट थांबलं. "बाजार ते दवाखाना, एकोणतीस? हे माझं नाही." मी म्हटलं, नीट आठव. "एक्केचाळीस होतं. एक्केचाळीस आणि अर्धं. ते उंच आजोबा, पोस्टातले. पायऱ्यांनी जात नाहीत ते, लांबच्या रस्त्याने जातात." बोट पुढे सरकलं. "हेही नाही. हेसुद्धा नाही. हे बरोबर आहे." असं करत करत तिने साठसत्तर खाने नाकारले. नावं नाही सांगितली तिने, माणसं सांगितली. काठीवाल्या, दमेकरी, ती विसराळू जी अर्ध्या वाटेत परत फिरते. आणि मला एवढा आनंद झाला, एवढा! म्हणजे कुणीतरी तिचे आकडे बदललेत. कुणीतरी म्हणजे कोण, हेही मला लगेच कळलं. फाइलीला हात लावणारा ऑफिसात एकच माणूस, आकडेवाले सर.

सरांना मी दीड वर्ष ओळखते. गोड बोलणारा माणूस, वहीचे कोपरेसुद्धा दुमडू न देणारा. त्यांचं सगळं काम आर नावाच्या आकडेमोडीच्या भाषेत. आर म्हणजे समजूतदार, पण सावकाश, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून करणारी. हा रस्ता बंद असेल तर, ती पायरी तुटली तर, असं लाखभर वेळा सगळे मार्ग काढायचे म्हटलं की तिला पाच तास लागायचे, आणि सर बसायचे पंख्याखाली वाट बघत. आईने एकदा सहज सांगितलं, माझी मुलगी असलं काहीतरी करते घरी. मग मी तो मधला भाग सी प्लस प्लसमध्ये लिहून दिला. ती भाषा आधी पूर्ण कम्पाइल करून, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवायची, मग ती थांबत नाही, विचारत नाही, सुसाट. आरने तक्ता, ज्याला ते लोक मॅट्रिक्स म्हणतात, तो माझ्याकडे द्यायचा, मी मिनिटांना मिनिटं जोडून मधल्या जागेवरून जाणारा जवळचा मार्ग सापडला की लांबचा आकडा खोडून जवळचा लिहायचा, आणि तक्ता परत द्यायचा. पाच तासांचे चार सेकंद झाले. सर खुर्चीतून उठले होते. मी म्हटलं, मी तक्त्याची कॉपी करत बसत नाही ना, कॉपीत वेळ जातो, मी सरळ जिथे आहे तिथेच काम करते. माझ्या आयुष्यात कुणी माझ्यासाठी खुर्चीतून उठलेलं ते पहिलं.

तीन वाजता मी आईला घेऊन निघाले. ती म्हणाली, तू कशाला? मी म्हटलं, मी कशाला म्हणजे? रस्त्यात मी पुढे, ती मागे, मी कोपऱ्यावर थांबायचे आणि ती आली की परत सुटायचे. डोक्यात मी सरांशी बोलत होते, मोठ्याने बोलत असेन, कारण समोरून येणारा एक माणूस बाजूला झाला. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. काचेच्या भिंतीआड एक खोली, लांब टेबल, प्लॅस्टिकचं झाड, त्याच्या कुंडीत खरी माती आणि त्या मातीत कुणीतरी खोचलेली चहाची काडी. बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. साठीच्या असतील, चष्मा साखळीला, हातात शिसपेन्सिल. मला वाटलं होतं की दिसायला दुष्ट असतील. त्यांनी आईला खुर्ची दिली. याचाही मला राग आला.

"ही कोण?"

"मुलगी माझी."

"आपला वेगवान भाग हिनेच लिहिलाय," सर म्हणाले. "काय गं भिंगरी, आज इकडे कशी?"

"तुम्ही आईचे आकडे बदललेत," मी म्हटलं.

आईने माझं मनगट धरलं. मी सोडवलं. सर हसले, वाईट नाही हसले, लहान मूल पडल्यावर हसतात तसे, आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बघ बाई तूच. आठ ओळी आहेत. कुठे बदलले दाखव." मी वाचायला लागले. फाइलीतून तक्ता उचलला. मग तक्त्याची एक प्रत 'जुनं' म्हणून बाजूला ठेवली. मग तक्ता माझ्या कोडला दिला. मग 'जुनं' परत फाइलीत नीट जपून ठेवलं, तारीख घालून, कारण सरांचं सगळं नीट असतं. मग जुन्यातून नवं वजा. फरक शून्य. मी परत वाचलं. चौथ्या ओळीपर्यंत आईचे आकडे. सहाव्या ओळीत कुणाचे तरी दुसरेच. मध्ये एकच ओळ, आणि त्या ओळीवर माझं नाव होतं, मीच दिलेलं, कारण मला माझं नाव तिथे हवं होतं.

पंखा फिरत होता. आर कशी वागते ते मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं. 'जुनं' म्हणजे हा तक्ता असं तिला सांगितलं की ती लगेच दुसरा तक्ता बनवत नाही. एकच तक्ता, त्याला दोन नावं. पुढे कुणी त्यातलं एक बदलायला गेलं तरच ती धावत जाऊन दुसरा बनवते, की बाबा, थांब, हे दुसऱ्याचंही आहे. ही तिची सभ्यता. पण ती सभ्यता तिच्या घरात. माझ्या कोडच्या हातात ती फक्त पत्ता ठेवते, तक्ता अमुक ठिकाणी आहे म्हणून, आणि माझा कोड तिथे जातो आणि न विचारता खोडतो. चार सेकंदांत. मी आईचे आकडे खोडले आणि मग सरांनी ते खोडलेले आकडे जुने म्हणून जपून ठेवले.

पण नाही! मी तपासलं होतं! दीड वर्षापूर्वी मी हे तपासलं होतं, मला लख्ख आठवत होतं. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "एक मिनिट. आपण बघू. फाइल करते छोटी." तीन गुणिले तीनचा तक्ता. दहा, चाळीस, बारा, असले काहीतरी आकडे, एक लांबचा मार्ग मुद्दाम घातला. फाइलीतून उचलला, 'जुनं' म्हणून ठेवला, कोडला दिला. नवीन उत्तरात चाळीसचे बावीस झाले. मग 'जुनं' उघडलं. चाळीस. चाळीसच होते. काहीही बदललं नव्हतं.

"झालं समाधान?" सर म्हणाले.

झालं होतं. खरं सांगते, मला एवढं हलकं वाटलं की पाठ खुर्चीला टेकली. मी नव्हते. माझा कोड बरोबर. आणि मग मला दिसली ती आई, आणि बाईंनी तिच्यापुढे सरकवलेला कागद, आणि पेन. माझ्या बरोबर असण्याचा अर्थ त्या टेबलावर तोच होता. मी हलकी होऊन बसले होते आणि माझी आई पेनचं टोपण काढत होती.

टोपण काढून ती थांबली. पडद्याकडे बघत म्हणाली, "अर्धे कुठेत?"

"कसले अर्धे?" बाईंनी विचारलं.

"हिने घातलेत ते आकडे बघा. दहा, चाळीस, बारा. असं कुणी चालत नाही. माझ्या तक्त्यात अर्धं मिनिट असतंच असतं. मी अर्ध्यापर्यंत धरते."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. माझा कोड अपूर्णांकांच्या तक्त्यासाठी लिहिलेला आहे. नुसते पूर्ण आकडे आले की ते त्याला चालत नाहीत, आणि मग आर दारातच त्यांचा अपूर्णांकांतला नवा तक्ता करून आत पाठवते. कॉपी होते. आपोआप. म्हणून जुनं वाचतं. दीड वर्षापूर्वी मी पूर्ण आकडे घालून तपासलं होतं, कारण अर्धे लिहायचा मला कंटाळा. पण एका खान्यात, नुसत्या एका खान्यात जरी अर्धं मिनिट असेल, तर सगळा तक्ता अपूर्णांकांचा होतो, माझ्या कोडला तो जसाच्या तसा चालतो, आणि कॉपी कुणीच करत नाही. म्हणजे आई नीट मोजत होती म्हणून तिचे आकडे गेले. अंदाजे लिहिले असते ना, गोल गोल, तर वाचले असते. एवढा संताप मला कुणाचाच आला नव्हता, सरांचा नाही, शाळेचा नाही. तो कुणावर काढायचा तेही कळेना. मी गप्प बसू शकत होते. माझ्याशिवाय त्या खोलीत हे कुणालाही सापडलं नसतं, आज नाही आणि पुढेही नाही.

मी फाइल उघडली आणि बाराचे साडेबारा केले. बाकी काही नाही. परत चालवलं. 'जुनं' उघडलं.

साडेबावीस. चाळीस गेले होते.

बाई उठून माझ्या मागे आल्या. चष्मा नाकावर चढवला. "परत कर," म्हणाल्या. मी परत केलं. मग त्यांनी स्वतःचे आकडे सांगितले, मी ते घातले, परत तेच. आई लांबूनच बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, "पोस्टातल्या आजोबांचे साडेएक्केचाळीस मी पुसले. कुणाचं तरी बाजार ते टाकी आणि कुणाचं तरी टाकी ते दवाखाना जोडून एकोणतीस केले."

"एकाचे पाय आणि दुसऱ्याचे गुडघे," आई म्हणाली.

"पण मी कॉपी घेतली होती," सर म्हणाले.

"तुम्ही नुसतं दुसरं नाव ठेवलं होतं," मी म्हटलं. "कॉपी कुणीच घेतली नव्हती. मीही नाही."

मग सरांनी मला काचेबाहेर यायची खूण केली. मी गेले नाही, तेव्हा ते तिथेच वाकून हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, घाई नको. हे बाहेर गेलं तर अख्खा अहवाल जातो, तुझं कामही जातं. आईंचं आपण दुसरीकडे बघू ना कुठेतरी. त्यांचं नाव मी अहवालात घेतच नाही." म्हणजे बघा. एवढा सज्जन माणूस, वहीचे कोपरे न दुमडणारा, आणि एक माणूस दुमडून ठेवायला त्याला काहीच वाटत नव्हतं. मी मोठ्याने म्हटलं, "सर म्हणतायत, आईचं दुसरीकडे बघू." काचेपलीकडच्या दोन टेबलांवरची डोकी वर झाली. बाईंनी कबुलीचा कागद उचलला, उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीने लिहायला लागल्या. लिहिता लिहिता विचारलं, "कोड कुणाचा?"

"माझा."

"सही करशील?"

केली. नववीनंतर पहिल्यांदा कागदावर पूर्ण नाव लिहिलं, मधलं अक्षर थोडं चुकलं. बाई आईला म्हणाल्या, गैरसमज झाला. गैरसमज! जणू कुणी कुणाच्या छत्रीला आपली समजलं. आई म्हणाली, "म्हणजे परत सगळं मोजायचं." बाई म्हणाल्या, हो. आईने पेनाला टोपण लावलं.

खाली उतरताना मी वाट बघत होते की ती काहीतरी म्हणेल. दुसऱ्या मजल्यावर म्हणाली. मागे वळून, जिना अडवून. "माझं वर्ष होतं ते. हात लावायच्या आधी विचारायचंस मला. आई, हे तुझे आकडे आहेत, घेऊ का? एवढं विचारायला किती वेळ लागला असता तुला? चार सेकंद?" तिचा आवाज जिन्यात वर गेला, वर कुणीतरी दार लावलं. तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाजाराच्या टोकाला. तिने घड्याळ माझ्या हातात दिलं, स्वतः कागद घेतला, टॅब नको म्हणाली. आमच्याबरोबर एक शिवणकाम करणाऱ्या आजी होत्या, दवाखान्यात निघालेल्या. पोस्टातल्या आजोबांकडे आई आधी जाऊन आली होती. ते आता घरातल्या घरातच चालतात, त्यामुळे तो खाना आता या आजींचा होणार. मला तेही सहन होत नव्हतं, पण कुणाला सांगणार. आजी इतक्या हळू चालत होत्या की मला माझे पाय कुठे ठेवावेत कळेना. एक पाऊल, मग दुसरं त्याच्याच शेजारी. मी तीनदा पुढे गेले, तीनदा परत आले. "ही कुठे पळते गं सारखी?" आजींनी आईला विचारलं. "सवय आहे तिला," आई म्हणाली. चढाच्या मध्यावर एक बुटकी भिंत लागली. आजी तिला हात लावून थांबल्या, मग हळूच टेकल्या. गुडघ्यावर हात ठेवले, डोळे मिटले. मला वाटलं, हे चालणं थोडंच आहे, हे बसणं आहे. माझा अंगठा घड्याळाच्या बटणावर गेला.

"ए," आई म्हणाली. "थांबवायचं नाही. बसणं धरून."

"पण त्या चालत नाहीयेत ना आत्ता."

"दवाखान्यात जातायत ना? मग."

मी अंगठा काढला. कुणी बांधला हा एवढा चढ, कुणी ठरवलं की दवाखाना वर आणि माणसं खाली, कुणाला जाऊन विचारायचं, हे सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं. आजींनी भिंतीवर थोडं सरकून जागा केली. आई बसली. मग मीही बसले. चौदा मिनिटं झाली होती, साडेचौदा झाली, आणि घड्याळ चालू होतं.